औदुंबराचे पाय आणि दवाचा अंतरपाट

निसर्गकविता शिकवण्याची एक सोपी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. कवितेत झाड आले की झाड म्हणजे काय, झरा आला की झरा म्हणजे काय, असे समोरासमोर दोन रकाने आखायचे. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचा 'खरा अर्थ'. झरा म्हणजे जीवन, फूल म्हणजे सौंदर्य, सायंकाळ म्हणजे वार्धक्य. रकाने पाठ झाले की कविता समजली. या रीतीने गुण मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या रीतीत कविता वाचायची गरजच उरत नाही, कारण उजवा रकाना कवितेत नसतो, तो मार्गदर्शिकेत असतो.

हा विषय लिहिण्याचे निमित्त सुरतजवळच्या कोसाडहून आले. तापीच्या उत्तर तीरावरचे हे एके काळचे गाव आज सुरत महानगराचा भाग आहे. पालिकेने झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी उभारलेल्या वसाहतींच्या रांगाच्या रांगा तिथे आहेत आणि त्यांत मराठी बोलणारी, बहुतांशी खानदेशातून कामासाठी आलेली, घरेही आहेत. माझी मावसबहीण लग्नानंतर तिकडची झाली. तिची मुलगी मराठी माध्यमात शिकते. बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवर एक प्रश्न आला होता : शेवटच्या ओळीतील प्रतिमा स्पष्ट करा. भाचीने लिहिले, झाडाची मुळे पाण्यात गेली आहेत, म्हणून ते पाय सोडून बसलेल्या माणसासारखे दिसते. उत्तरावर लाल रेघ आली आणि शेजारी एकच शब्द : 'संन्यासी'. "मामा, कवितेत संन्यासी कुठे आहे?" असे तिने फोनवर विचारले, आणि प्रश्न रास्त होता. आठ ओळींच्या त्या कवितेत संन्यासी कुठेही नाही.

मग तो आला कुठून? आणि तो आणणारे सर्वस्वी चूक आहेत का? उत्तर वाटते तितके सरळ नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

शब्दाच्या तीन शक्ती आपण शाळेत शिकतो : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ अडला की त्याच्या लगतचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे शास्त्रकारांचे शेकडो वर्षांचे ठरलेले उदाहरण. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा. पण मग 'काठावर' असेच का म्हटले नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने त्या वाड्याला गंगेचा गारवा आणि पावित्र्य चिकटते. ते जे चिकटते ती व्यंजना. म्हणजे सरळ अर्थ संपूर्ण टाकून देऊन व्यंजनेकडे जाता येत नाही. वाटेत काठ लागतोच. संन्यासी लिहिणाऱ्यांची चूक एवढीच की ते काठ न पाहताच पलीकडे पोचतात.

आपल्या रोजच्या बोलण्यातही प्रतिमा असतात. फक्त त्या इतक्या झिजलेल्या असतात की जाणवत नाहीत. क्वचित भेटणाऱ्या मित्राला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. उंबराला फुले नसतात असे नाही. ती फळासारख्या दिसणाऱ्या गोलकाच्या आत असतात, म्हणून बाहेरून कधी दिसत नाहीत. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम उच्चारला त्याने झाड नीट पाहिले होते. आज तो वापरणाऱ्या दहांपैकी नऊजणांनी उंबर फोडून पाहिलेला नसतो. 'रस्ता गावाकडे जातो' हे वाक्यही तसेच. रस्ता कुठेच जात नाही, जाणारे आपण. पण हे वाक्य ऐकताना कोणालाच रस्त्याला पाय फुटलेले दिसत नाहीत. चांगला निसर्गकवी अशा झिजलेल्या नाण्यांवरचा छाप पुन्हा दिसू लागेल असे काहीतरी करतो. 'औदुंबर'मध्ये नेमके तेच घडते. पण आधी त्याच कवीची एक अगदी वेगळ्या घडणीची कविता पाहू.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली खानदेशातल्या धरणगावी झाला. सुरतहून जळगावला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे गाव लागते, म्हणजे कोसाडच्या मराठी घरांची गावाकडे जाण्याची वाटच ती. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे या कोवळ्या वयाच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. जाता जाता सांगण्यासारखे असे की हे कीर्तिकर पेशाने वैद्यकीय अधिकारी आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. झाडांची पाने आणि देठ मोजणाऱ्या माणसाने झाडांच्या कवीला ओळखावे, हा योगायोग मला फार आवडतो.

'फुलराणी' ही त्यांची कविता अनेकांच्या तोंडी आहे. हिरव्या कुरणावर एक मुग्ध कळी, सायंकाळचा खट्याळ वारा तिची थट्टा करतो, रात्र ती हुरहुरत काढते आणि पहाटे तिचे सूर्यकिरणाशी लग्न लागते. सबंध कविता चेतनगुणोक्तीची आहे, म्हणजे निर्जीवाला किंवा मनुष्येतराला माणसाचे वागणे दिले आहे. एवढे सांगून पाठ्यपुस्तक थांबते. खरी गंमत त्यापुढे आहे. लग्नघराचा सगळा सरंजाम कवीने जमवला आहे : वारा सनई वाजवतो, झरे पखवाज वाजवतात, कोकीळ ताना घेतो, भारद्वाज नाचतो, चंडोल वाङ्निश्चयाला निघतो. यांतली प्रत्येक नेमणूक तपासून पाहावी. झऱ्याला पखवाजच का, सनई का नाही? कारण खडकांवर आपटणाऱ्या पाण्याला ठेका असतो, सूर नसतो. वाऱ्याला सनई का? कारण सनई फुंकीनेच वाजते. चंडोलच का निघतो? कारण गात गात सरळ आकाशात चढणारा पक्षी तोच, आणि नवरदेवाचे घर वर आहे. कवीने मानकरी ठरवताना लहर चालवलेली नाही; ज्याचा जो गुण त्याला ते काम.

आणि मग अंतरपाट. वधूवरांच्या मध्ये धरलेले वस्त्र इथे दवाचे आहे. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, किरण फुलाला भेटतो. या प्रतिमेची घट्ट वीण पाहा. सकाळी कळीवर दव असते. ऊन पडले की दव विरते आणि कळी उमलते. हे कोणीही शेतकरी सांगेल, यात अलंकार काहीच नाही. अंतरपाटही नेमका भेटीच्या क्षणीच हटतो. म्हणजे दव आणि अंतरपाट यांच्यात केवळ 'दोन्ही पातळ आणि पांढुरके' एवढेच साम्य नाही. दोघांचे काम एक आहे, वेळ एक आहे आणि शेवटही एकच आहे. एक फरकही आहे, आणि तो कवीच्या बाजूचा आहे. लग्नात अंतरपाट भटजी दूर करतात. इथे वराच्या स्पर्शानेच तो विरतो. सामान्य प्रतिमा एका बिंदूवर जुळते, उत्तम प्रतिमा तीन-चार बिंदूंवर जुळते आणि जिथे जुळत नाही तिथेही काही सांगून जाते. कोणतीही प्रतिमा तपासायची तर हीच कसोटी लावावी.

'श्रावणमासा'ची जात वेगळी. तिथे कवी ठामपणे 'हे ते आहे' असे म्हणत नाही. 'जणू', 'भासते' अशा शंकेच्या सुरात बोलतो. आभाळात कोणी तोरण बांधले आहे की काय, उडणारी बगळ्यांची रांग ही कल्पवृक्षाच्या फुलांची माळ आहे की काय. ही उत्प्रेक्षा. ऊन-पावसाच्या ज्या महिन्यात क्षणापूर्वी दिसलेले क्षणानंतर नसते, त्या महिन्यासाठी शंकेचाच अलंकार योग्य, हे लक्षात आले की अलंकार ओळखण्याच्या कंटाळवाण्या कामालाही अर्थ येतो. याच कवितेत इंद्रधनुष्याला विणलेल्या गोफाची उपमा आहे. शिगम्यात गोफ नाचताना रंगीत दोऱ्यांचा पीळ पडतो आणि उलट्या पावलांनी तो सुटतो, हे ज्या गोमंतकीयाने पाहिले आहे त्याला ती उपमा पुण्यातल्या वाचकापेक्षा अधिक हलती दिसेल. श्रावणातल्या आयतारासाठी पत्री खुडणाऱ्या आपल्या घरांना कवितेतल्या मुलीही परक्या वाटत नाहीत. कवीने आपला गोफ किंवा आपला आयतार डोळ्यांपुढे ठेवून लिहिले नव्हते, हे खरे. पण प्रतिमा वाचकाच्या अनुभवातूनच पुरी होते, त्याला इलाज नाही.

बालकवींना मराठीतले वर्ड्स्वर्थ म्हणण्याची चाल आहे. अशा तुलनांनी फारसे साधत नाही, पण वर्ड्स्वर्थचा एक प्रसंग या चर्चेत उपयोगी आहे. सरोवराकाठच्या पिवळ्या फुलांवरची त्याची प्रसिद्ध कविता १८०७ साली छापली गेली. ती फुले त्याने पाहिली १५ एप्रिल १८०२ रोजी, बहीण डोरोथी हिच्यासह. कवितेत तो एकटाच भटकत असतो. बहिणीला त्यात जागा नाही. डोरोथीने मात्र आपल्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद केली आहे : काही फुलांनी थकल्यासारखी दगडांवर मान टेकली होती, बाकीची वाऱ्यावर डुलत होती, हसत असल्यासारखी. फुलांचे नर्तन ही पुढे जगप्रसिद्ध झालेली प्रतिमा त्या नोंदीत आधीच आहे. प्रतिमा प्रथम डोळ्यांत तयार होते, छंदात नंतर बसते, हे याहून स्पष्ट कोण दाखवणार! पुढे १८५६ साली जॉन रस्किन या टीकाकाराने निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या कवींच्या सवयीला दोष दिला. भावनेच्या भरात पाहणाऱ्याला वस्तू खोटी दिसते, असे त्याचे म्हणणे. त्याचा आक्षेप सरसकट मान्य करण्याची गरज नाही. पण ओढूनताणून रडणारे ढग आणि हसणारी फुले मराठी मासिकांच्या पानोपानी सांडलेली ज्याने वाचली आहेत, त्याला रस्किनविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहणार नाही.

आपल्याकडे या वादाचे वेगळे रूप आहे, ते स्वभावोक्तीचे. वस्तू जशी आहे तशी, तिच्या स्वभावासह, शब्दांत उभी करणे हा अलंकार मानावा की नाही? दंडीने तिला अलंकारांत पहिला मान दिला. कुंतकाने ती अलंकारच नव्हे असे ठरवले. वर्ण्य वस्तूचा स्वभाव हाच जर दागिना, तर दागिना घालायचा कोणाला, असा त्याचा तर्क होता. हजार वर्षांपूर्वीचा हा वाद विसाव्या शतकातल्या आठ मराठी ओळींना तंतोतंत लागू पडतो. 'औदुंबर' ही जवळजवळ अखेरपर्यंत स्वभावोक्ती आहे.

कवितेत काय आहे ते आपल्या शब्दांत सांगतो. दोन्ही तीरांवर हिरवळ, मधून निळसर सावळा झरा. पलीकडे टेकडीच्या बाजूला लहानसे गाव. त्याच्यापुढे शेतमळ्यांची दाटी. त्यातून एक पांढरी पायवाट वेडीवाकडी निघून काळ्या डोहाकडे जाते. डोहावर काळोखी पसरलेली आहे. आणि तिथे पाण्यात पाय टाकून औदुंबर बसला आहे. बस्स. उपमा नाही, 'जणू' नाही, कवीचा 'मी'सुद्धा नाही.

आता सावकाश पाहू. झरा 'बेटां'तून वाहतो. दिवाडी-चोडणे पाहत वाढलेल्या आपल्याला बेट म्हटले की चहूकडून पाणी असलेली जमीन आठवते. देशावरच्या वाचकाला बांबूचे बेट, म्हणजे दाट पुंजका, आठवतो. दोन्ही अर्थ मराठी आहेत आणि दोन्हींनी चित्र उभे राहते, फक्त वेगवेगळे. गाव 'चार' घरांचे आहे. हा आकडा नव्हे. 'चार लोकांत शोभा नको' म्हणताना आपण लोक मोजत नाही. ही लक्षणा. शेतमळ्यांची 'गर्दी' आहे. गर्दी माणसांची होते. या एका शब्दाने शेतांना माणसांचे थोडेसे वारे लागले. पुढे पायवाट 'चालली' आहे. इथे ते झिजलेले नाणे येते. मराठीत वाट चालतेच, म्हणून आपण दचकत नाही. पण गर्दी झाली, वाट चालू लागली, आणि अखेरीस झाड बसले तेव्हा आपल्याला कळते की कवीने चढती पायरी बांधली होती. पाय असलेले झाड एकदम समोर आले असते तर ती कल्पनेची करामत वाटली असती. इथे ते अपरिहार्य वाटते.

दुसरी गोष्ट हालचालीची. झरा वाहतो, वाट चालते, काळोखी पसरते, झाड बसते. प्रत्येक क्रियेचा वेग आधीच्या क्रियेपेक्षा कमी आहे. रंगांचेही तेच : हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मध्ये वाटेची पांढरी रेघ आणि शेवटी काळा. उजेडातून अंधाराकडे आणि वेगाकडून स्थिरतेकडे असे दोन उतार एकाच दिशेने उतरतात आणि दोन्ही त्या झाडाशी येऊन थांबतात. यात कुठेही 'शांती', 'वैराग्य', 'मृत्यू' असा शब्द नाही. तरीही मन शांत होते किंवा थोडे भिते. हीच व्यंजना.

आणि तरीही कवी त्या काळिम्याला 'गोड' म्हणतो. डोळ्यांच्या विषयाला जिभेचे विशेषण. सबंध कवितेत कवीचे मत व्यक्त करणारा हाच ठळक शब्द. काळा डोह म्हटल्यावर जी भीती मनात येते तिला हा शब्द अडवतो, पण पुसून टाकत नाही. कोसाडच्या मुलीला हा शब्द कसा वाटत असेल, याचा मी विचार केला. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली होती. तिथल्या घराघरांत त्या पुराच्या गोष्टी आहेत. काळे, वर चढणारे पाणी ज्या घरांनी पाहिले त्यांना 'गोड' हे विशेषण पचायला जड जाणार. ते जड जाणे हेही वाचनच आहे. ज्याला ते सहज पचते त्याने कवितेतला ताण कदाचित पाहिलेलाच नसतो.

आता संन्यासी. औदुंबर हा दत्तात्रेयाच्या निवासाचा वृक्ष. नरसोबाच्या वाडीपासून घरच्या अंगणापर्यंत त्याच्याखाली पादुका असतात. त्यामुळे हे नाव उच्चारताच मराठी मनात विरक्तीचे वलय उमटते. कवीने 'उंबर' किंवा आपल्याकडचा 'रुमड' म्हटले असते तर ते वलय इतके दाट उमटले नसते. संस्कृत नाव घेऊन, तेच कवितेचे शीर्षक करून आणि शेवटचा शब्दही तोच ठेवून त्याने त्या वलयाला वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे संन्यासी दाराशी आला आहे, पण कवितेने त्याला आत बसवलेले नाही. आणि पाण्यात पाय सोडून बसण्याची ती ऐट आठवा. तशी बसकण तपस्व्याची असते तितकीच उन्हातान्हातून आलेल्या गुराख्याचीही असते. नदीकाठी पाय सोडून बसलेल्या निवांत पोराचीही. 'असला' हा शब्दही कोड्यात टाकतो. 'असला औदुंबर' म्हणजे बोट दाखवून सांगितलेला, अशा प्रकारचा. की 'बसला असला' असे क्रियापद जोडून वाचायचे? समीक्षकांनी या आठ ओळींवर लिहिलेली पाने कवितेच्या कैक पट भरतील, आणि एकमत झालेले नाही.

म्हणून भाचीला मी सांगितले ते असे. तुझे उत्तर पहिली पायरी म्हणून अचूक आहे. उंबर ओलाव्याच्या कडेने वाढतो, त्याची मुळे उघडी पडतात, पाण्यात उतरतात, ती पायांसारखी दिसतात. हे न लिहिता जो संन्यासी लिहितो त्याचे उत्तर अधांतरी. त्याखाली एक वाक्य जोड : दत्ताच्या संबंधामुळे हे झाड काही वाचकांना ध्यानस्थ विरक्तासारखे वाटते. 'काही वाचकांना' आणि 'वाटते' हे दोन्ही शब्द लिहायला विसरू नकोस. गुण मिळतील की नाही हे तपासणाऱ्याच्या हाती, पण लिहिलेले खोटे ठरणार नाही.

राहता राहिला चरित्राचा मोह. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रेल्वेगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. ही घटना ठाऊक असणाऱ्याला काळा डोह वेगळाच दिसू लागतो आणि पायवाट कुठे चालली आहे याची उत्तरे फार झटकन सुचतात. असा अर्थ लावताना हात आखडता घ्यावा असे मला वाटते. उदासी त्यांच्या कवितेत होतीच आणि ती त्यांनी लपवलेली नाही. 'पारवा'त पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसलेला पक्षी खिन्नपणे घुमतो आणि कवी त्याच्याशी बोलतो, त्याच्या दुःखाची चौकशी करतो. तिथे दुःखाला दुःख म्हटले आहे. 'औदुंबर'मध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. गाव आहे, पण माणूस दिसत नाही. वाट आहे, पण तिच्यावरून जाणारे कोणी नाही. ती वाट वाचकाच्या डोळ्यांनाच चालावी लागते, आणि डोहाशी पोचल्यावर तिथे आधीच कोणीतरी बसलेले असते.